घोरणं नाही, तरी श्वास थांबतो



नवऱ्याच्या घोरण्यावर आपण बायका किती बोलतो! हळदीकुंकवाला चौघी जमल्या की एकीच्या घरी रात्रभर ट्रॅक्टर चालतो, दुसरीकडे पिठाची गिरणी, आणि तिसरीनं तर म्हणे कानात कापसाचे बोळे घालून झोपायची सवयच करून घेतली आहे. पण 'आमचे हे मुळीच घोरत नाहीत आणि तरी मला त्यांच्या काळजीनं झोप लागत नाही' असं सांगणारी बाई कधी भेटली आहे का तुम्हांला? मला भेटली, पत्रातून.

गेल्या महिन्यात सदराच्या टपालात एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. त्यांचे यजमान बासष्ट वर्षांचे, दीड वर्षापूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले. निजतात शांत. पण मध्यरात्रीच्या सुमारास त्यांचा श्वास हळूहळू लहान होत जातो आणि मग थांबतोच. छाती हालत नाही, पोट हालत नाही. बाई अंधारात उठून बसतात, नाकाशी हात धरून पाहतात. थोड्या वेळानं श्वास पुन्हा सुरू होतो, आधी बारीक, मग मोठा, मग धाप लागल्यासारखा. आणि परत लहान होऊ लागतो. तास-तासभर हेच. सकाळी सांगावं तर यजमान म्हणतात, "मला काहीसुद्धा झालं नाही, तुलाच स्वप्न पडलं असेल." मुलगा म्हणतो, "आई, तू झोप ना गं, उगाच काय जागत बसतेस!" शेवटी त्यांनी विचारलं आहे, "मला वेड तर लागलं नाही ना?"

नाही हो, मुळीच नाही. तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे, त्याला वैद्यकात नाव आहे, आणि तुम्ही केलेलं वर्णन एखाद्या डॉक्टरानं लिहून ठेवावं इतकं नेमकं आहे. तुमचे यजमान खोटं बोलत नाहीत, त्यांना खरोखरच काही कळत नाही. झोपलेल्या माणसाला आपला श्वास थांबल्याचं बहुधा समजत नसतं. ते समजतं फक्त शेजारी जागं असलेल्या माणसाला. म्हणून या दुखण्याच्या बाबतीत घरातली बाई हीच पहिली साक्षीदार असते, आणि तिनं गप्प बसणं परवडण्यासारखं नसतं.

मी काही डॉक्टर नव्हे. सकाळचं घरचं आवरायचं आणि दुपारी शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना मराठी-इतिहास शिकवायचा, एवढाच माझा उद्योग. पण हा विषय आमच्याही घरात येऊन गेला आहे. त्या वेळी मी छातीच्या डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं होतं. आता लिहिण्यापूर्वी पुन्हा एकदा त्यांच्याकडून सगळं तपासून घेतलं आहे.

झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. मोठ्या माणसाचा श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की तो एक थांबा धरायचा, आणि तासाला असे पाच किंवा जास्त थांबे भरू लागले की लक्ष घालायचं, असा डॉक्टरांचा हिशोब. नुसती झोप लागता लागता एखाददुसरा श्वास चुकणं निरोगी माणसातही होतं. त्यानं घाबरून जायचं कारण नाही.

याचे दोन प्रकार आहेत, आणि सगळी गोम या दोन प्रकारांतच आहे. नळाला पाणी येईनासं झालं तर आपण आधी काय पाहतो? पाइपात कचरा अडकलाय, की नगरपालिकेनंच आज पाणी सोडलेलं नाही? तसंच हे. पहिल्या प्रकारात पाइप तुंबतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, हवेचा रस्ता बंद होतो. छाती आणि पोट बिचारं धडपडत असतं, पण हवा आत जात नाही. मग एकदम मोठ्यानं घोरून, दचकून माणूस श्वास घेतो. लठ्ठपणा, आखूड जाड मान, याच्याशी याची जोडी. आपल्या ओळखीत ज्या कुणाला 'ते श्वासाचं मशीन' लावलेलं असतं त्यांतल्या बहुतेकांना हा प्रकार असतो.

दुसऱ्या प्रकारात पाइप मोकळाच असतो, पाणीच सोडलेलं नसतं. श्वास घे, असा मेंदूकडून निघणारा हुकूमच निघत नाही. म्हणून छाती धडपडत नाही, पोट हालत नाही, घोरण्याचा आवाज नसतो किंवा अगदी थोडा असतो. याला सेंट्रल स्लीप ॲप्निया म्हणतात. सेंट्रल म्हणजे मध्यवर्ती, म्हणजे मूळ ठाण्यातूनच बिघाड. हा प्रकार पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी आढळतो, आणि आवाज नसल्यामुळे घरातल्यांच्या लक्षातही कमी येतो. काहींना दोन्ही प्रकार एकदम असतात, तेही सांगून ठेवते.

आता मेंदू असा हुकूम द्यायचा विसरतो तरी कसा? शाळेच्या पुस्तकात मेंदूचं चित्र असतं. त्यात अगदी खाली, मानेशी, मस्तिष्कपुच्छ म्हणून भाग दाखवलेला असतो. श्वासाचं ठाणं तिथं आहे. जागेपणी आपण बोलतो, हसतो, चालतो, त्यानंही श्वास चालू राहतो. झोपेत मात्र या ठाण्याची सारी मदार रक्तातल्या कार्बन डाय-ऑक्साइडवर असते. तो वाढला की ठाणं म्हणतं, श्वास घ्या. तो एका ठरावीक पातळीखाली गेला की ठाणं म्हणतं, आता गरज नाही, थांबा. मला हे ऐकून नवलच वाटलं. माझी समजूत होती की प्राणवायू कमी पडला म्हणून आपण श्वास घेतो. तसंही होतं, पण रोजचा कारभार चालतो तो या टाकाऊ म्हटलेल्या वायूवरच.

ज्यांचं हृदय दुबळं झालं आहे त्यांच्यात हा कारभार कसा बिघडतो, ते समजावताना डॉक्टरीणबाईंनी चित्रं काढली, बाण काढले. मला मात्र समजलं ते आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरून. टाकी गच्चीवर, मोटरचं बटण तळमजल्यावर. टाकी भरली की वरचा पोरगा ओरडतो आणि खाली मोटर बंद होते. निरोप वेळेवर आला तर सगळं सुरळीत. पण समजा पोरगा रमतगमत, जिन्यात खेळत खाली आला. तोवर टाकी ओसंडून गेलेली! मग खालचा माणूस चिडून मोटर बंद करतो. टाकी रिकामी होत आली तरी पोरगा पुन्हा उशिराच सांगायला येतो, तोवर घरोघरचे नळ कोरडे. मग मोटर पुन्हा जोरात. मोटर म्हणजे श्वास, टाकी भरणं म्हणजे रक्तातला तो वायू बाहेर पडून रक्त साफ होणं, आणि रमतगमत येणारा पोरगा म्हणजे मंदावलेलं रक्ताभिसरण. दुबळं हृदय रक्त हळू ढकलतं, त्यामुळे फुप्फुसात काय चाललंय याची खबर मेंदूला उशिरा पोचते. शिवाय फुप्फुसात पाणी साचल्यासारखं झालेलं असतं, त्यानं माणूस आधीच जरा जास्त श्वास घेत असतो आणि वायूची पातळी त्या थांबण्याच्या रेषेजवळच रेंगाळत असते. जरा जास्त श्वास झाला की थांबा, थांब्यानंतर पुन्हा जास्तीचा श्वास, आणि हे चक्र चालूच. असं एक चक्र पाऊण मिनिटापासून दीड मिनिटापर्यंत चालतं.

श्वासाची ही चढती-उतरती तऱ्हा डॉक्टरांना जुनीच माहीत आहे. डब्लिनला काम करणाऱ्या जॉन चेन या डॉक्टरांनी १८१८ साली आपल्या एका रोग्याच्या श्वासाचं असंच वर्णन लिहून ठेवलं, आणि त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्स यांनी १८५४ सालच्या आपल्या हृदयरोगाच्या ग्रंथात ते पुन्हा मांडलं. दोघांचीही नावं आजपर्यंत या श्वासाला चिकटली आहेत. तेव्हा ना यंत्रं होती ना तारा. रोग्याच्या उशाशी बसून, नीट पाहून त्यांनी ते टिपलं. पत्रलेखिका भगिनींनी केलं ते यापेक्षा निराळं नाही.

आमच्या घरी हे काम सासूबाईंनी केलं. सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, हृदय झटक्यानंतर बरंच अशक्त झालं होतं. सासूबाईंना रात्री जाग आली की उशाशी ठेवलेली जपमाळ हातात घ्यायची सवय. एके दिवशी स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "अगं, ह्यांचा श्वास थांबला ना, की माझे वीस-बावीस मणी होतात. रोज मोजते मी." मी चपापलेच. पुढच्या वेळी दवाखान्यात त्यांनाही बरोबर नेलं. अण्णा आपले म्हणत होते, "हिला काय कळतंय, मला छान झोप लागते." डॉक्टरीणबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि म्हणाल्या, "आजी, तेवढे मणी माझ्यासमोर ओढून दाखवा बरं." त्यांनी घड्याळ लावलं. वीस मण्यांना पंचवीस सेकंद भरले. त्यावरून त्यांनी झोपेची तपासणी लिहून दिली. माळेवरचे मणी केसपेपरवर चढलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले!

हृदय दुबळं होणं हे मोठं कारण खरं, पण एकच नव्हे. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा जो विकार उतारवयात होतो, त्यातही हे थांबे दिसतात. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला असला, विशेषतः मेंदूच्या त्या खालच्या भागाला इजा झालेली असली, तर ठाण्याचाच कारभार विस्कटतो. मूत्रपिंडं निकामी होत आलेल्यांतही हे आढळतं. आणि काही थोड्यांच्या बाबतीत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही.

एका कारणाकडे मात्र आपण गृहिणींनी मुद्दाम लक्ष द्यायला हवं, कारण ते घरातल्या औषधांच्या डब्यात असू शकतं. अफूच्या जातीची वेदनाशामकं, म्हणजे मॉर्फिन, फेंटानिलच्या चिकटपट्ट्या, मेथाडोन, आणि आपल्याकडे गुडघे-कंबरदुखीसाठी बऱ्याच जणांना दिलेली ट्रॅमाडॉल, ही सगळी मेंदूतल्या त्या ठाण्याला गुंगी आणतात. दुखणं कमी होतं, पण श्वासाचा हुकूमही मंदावतो. त्यांच्या जोडीला झोपेची गोळी किंवा दारू असेल तर धोका आणखी वाढतो. साधी पॅरासिटामॉल या जातीची नाही, तिला दोष देऊ नका. पण म्हातारपणी दुखणी चार आणि डॉक्टरही चार असतात. हाडांच्या डॉक्टरांनी काय दिलंय ते हृदयाच्या डॉक्टरांना ठाऊक नसतं. कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं लिहून तो कागद प्रत्येक दवाखान्यात पुढे करायचा, हे काम आपलं. आणि एक सांगते, हे वाचून घाबरून कुणी चालू असलेली गोळी एकदम बंद करू नका. अशी औषधं एकदम सोडली तर निराळाच त्रास होतो. आधी डॉक्टरांशी बोला.

धडधाकट माणसालाही हे होऊ शकतं, ते उंचावर गेल्यावर. आता लेह-लडाखच्या सहलीला आपल्याकडून घरटी कुणी ना कुणी जाऊन आलेलं असतं. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की हवा विरळ, प्राणवायू कमी, म्हणून शरीर जास्त श्वास घेतं. त्यानं कार्बन डाय-ऑक्साइड घटतो आणि झोपेत ठाणं 'थांबा' म्हणतं. हॉटेलातल्या पहिल्या रात्री शेजारी झोपलेल्या मैत्रिणीचा श्वास मध्येच थांबलेला पाहून कुणी घाबरलं असेल, तर त्याचं कारण हे. खाली उतरलं की ते जातं. दोन दिवस विश्रांती घेऊन मग वर चढणं हा त्यावरचा साधा उपाय. डॉक्टर ॲसिटाझोलामाइडची गोळीही देतात. तिनं रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि मेंदू श्वास चालू ठेवतो. पण सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायचं.

आणखी एक तऱ्हा चमत्कारिक आहे. घोरण्याच्या, म्हणजे पाइप तुंबण्याच्या प्रकारासाठी एखाद्याला हवेच्या दाबाचं यंत्र लावावं, घोरणं थांबावं, आणि मग हे दुसरे, मेंदूचे थांबे दिसायला लागावेत! असं काही जणांत होतं. त्यांतल्या बहुतेकांचं ते काही आठवड्यांत, फार तर थोड्या महिन्यांत आपोआप कमी होतं. म्हणून 'मशीन लावूनही श्वास थांबतोच आहे' असं दिसलं तर यंत्र माळ्यावर न टाकता ते देणाऱ्या डॉक्टरांना जाऊन सांगायचं.

तान्ह्या बाळांविषयी दोन ओळी, कारण हा प्रश्नही आयांकडून येतोच. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाचं श्वासाचं ठाणं अजून पक्कं झालेलं नसतं, म्हणून त्याचा श्वास मधूनमधून थांबतो. वीस सेकंद थांबला, किंवा कमी थांबला पण ठोके मंदावले, तर नर्स तळपायाला हळूच टिचकी मारून बाळाला आठवण करून देते. औषध म्हणून कॅफीन देतात, होय, कॉफीतलंच ते! अर्थात मोजून मापून, दवाखान्यात. बाळ वाढलं की बहुधा हे आपोआप जातं. घरी आलेल्या बाळाचा श्वास थांबून ते निळसर पडलं तर मात्र घरगुती उपाय करत न बसता त्याला तडक दवाखान्यात न्यायचं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं नवऱ्यांचं आणि बाळांचं झालं, आपलं काय? मोठ्या माणसांतलं हे दुखणं पुरुषांत आणि साठीच्या पुढे जास्त दिसतं, हे खरं. पाळी चालू असेपर्यंत बायकांचा मेंदू सहजासहजी 'थांबा' म्हणत नाही, ती रेषा आपल्यात जरा खाली असते. पाळी गेल्यावर हे संरक्षण कमी होतं. पण मला दुसरीच शंका येते. आपण त्यांच्या श्वासाकडे लक्ष देऊन जागतो. आपल्या श्वासाकडे लक्ष देऊन जागणारं घरात कोण आहे? यजमान तर पडल्या पडल्या घोरायला लागतात. आणि एकट्या निजणाऱ्या सासूबाई, आजी, आत्या यांच्याकडे तर कुणीच पाहत नाही. हृदयाचं दुखणं असलेल्या बाईला रात्री गुदमरून जाग येत असेल, उठून बसल्याशिवाय बरं वाटत नसेल, सकाळी डोकं जड राहत असेल, तर 'वय झालं' म्हणून ते सोडून देऊ नका. झोप वारंवार मोडणं, दिवसा पेंग येणं, वाचलेलं लक्षात न राहणं, हीही यातलीच लक्षणं. मात्र हृदय दुबळं असलेल्या पुष्कळांना दिवसा पेंग येतच नाही, त्यामुळे 'मला कुठं झोप येते दिवसा' हे उत्तर पुरेसं समजायचं नाही.

उपायांकडे येऊ. इथं पहिली गोष्ट ही की, या दुखण्याचा उपचार म्हणजे बहुतेक वेळा मूळ दुखण्याचा उपचार. हृदय अशक्त असेल तर त्याची औषधं नेटानं, वेळच्या वेळी. मीठ आणि पाणी डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. काहींना विशिष्ट प्रकारचा पेसमेकर बसवतात. हृदयाचं काम सुधारलं की निरोप वेळेवर पोचू लागतो आणि थांबे कमी होतात. अण्णांचं तेच झालं. त्यांची औषधं बदलली, लोणचं-पापड बंद झालं (त्यावरून घरात जी महाभारतं झाली ती पुन्हा केव्हातरी), आणि चार-पाच महिन्यांत सासूबाईंचे मणी वीसवरून आठ-दहावर आले. वेदनाशामकांमुळे असेल तर डॉक्टर ती हळूहळू कमी करतात किंवा बदलतात. कुशीवर निजल्यानं आणि उशाकडची बाजू उंच केल्यानंही हृदयरोग्यांचे थांबे कमी होतात. पाठीमागे लोड लावून कुशीवर निजवायला पैसे पडत नाहीत, ते आजपासून करायला हरकत नाही. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत आणि रात्रीचा 'एक पेग' बंद करावा. काही जणांना रात्री प्राणवायू देतात, काहींना मघाशी सांगितलेलं ॲसिटाझोलामाइड. दोन्ही डॉक्टरांच्या हुकमानं.

यंत्रांविषयी जरा सविस्तर सांगते, कारण इथंच माणसं फसतात. नाकावर मुखवटा लावून हवेचा सतत दाब देणारं यंत्र, ज्याला सीपॅप म्हणतात, ते १९८१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी लोकांपुढे आणलं. ते मुळात तुंबलेला घसा उघडा ठेवण्यासाठी. मेंदूच्या थांब्यांवर ते काहींना लागू पडतं, काहींना नाही. कॅनडातला एक मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदय दुबळं असलेल्यांना हे यंत्र लावल्यावर थांबे कमी झाले, पण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.

मग आणखी हुशार यंत्र आलं. प्रत्येक श्वास मोजून, माणूस थांबला की आपण होऊन श्वास देणारं. त्याला एएसव्ही म्हणतात. सगळ्यांना वाटलं, आता काम झालं. पण २०१५ साली तेराशेपेक्षा जास्त हृदयरोग्यांवरच्या पाहणीचे निकाल आले आणि डॉक्टरमंडळी हादरली. ज्यांच्या हृदयाची रक्त ढकलायची ताकद ४५ टक्के किंवा त्याहून कमी होती, त्यांच्यात हे यंत्र लावलेल्यांचे हृदयविकारानं झालेले मृत्यू न लावलेल्यांपेक्षा जास्त भरले. श्वास सुधारला होता आणि तरी! पुढे निराळ्या बनावटीच्या यंत्रावर दुसरा अभ्यास झाला, त्यात तसा धोका दिसला नाही, पण आयुष्य वाढल्याचंही दिसलं नाही. हृदय चांगलं असलेल्यांना, वेदनाशामकांमुळे त्रास असलेल्यांना याच यंत्राचा चांगला उपयोगही होतो. म्हणजे एकच वस्तू एकाला तारक आणि दुसऱ्याला घातक. म्हणून इकोची तपासणी करून ती टक्केवारी पाहिल्याशिवाय असं यंत्र घरात आणायचं नाही. कुणाच्या तरी काकांचं जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय, म्हणून घेऊन लावायचं, हा व्यवहार मी दोन घरांत पाहिला आहे. कुकर-मिक्सर असे घ्या हवे तर, हे नको.

अमेरिकेत २०१७ साली आणखी एका उपकरणाला मान्यता मिळाली. पेसमेकरसारखं छातीच्या कातडीखाली बसवतात, आणि ते श्वासपटलाकडे जाणाऱ्या नसेला रात्री हलकेच चेतवत राहतं. म्हणजे ठाण्यानं हुकूम दिला नाही तरी परस्पर श्वासपटल हालवायचं. ते महागडं आहे आणि मोजक्याच रोग्यांसाठी आहे.

कुणाला यांतलं काय द्यायचं हे ठरतं ते एका रात्रीच्या झोपेच्या तपासणीवर. पण तिथं जाण्याआधी घरची तयारी हवी. चार-पाच रात्री वहीत टिपून ठेवा. किती वाजता, थांबा किती सेकंदांचा, थांबल्यावर पोट हालत होतं की निश्चल होतं, पाठीवर निजले होते की कुशीवर, नंतरचा श्वास एकदम दचकून आला की हळूहळू वाढत गेला. सेकंद मोजायला घड्याळ नको असेल तर माळ आहेच. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं चित्रण केलंत तर उत्तम, फक्त पांघरूण छाती-पोटावरून बाजूला करून. करोनाच्या वर्षांत आपण सगळ्यांनीच बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेऊन ठेवला आहे. झोपेत त्यावर आकडा खाली-वर होताना दिसला तर तोही टिपा. पण आकडा चांगला आहे म्हणून दुखणं नाही असं ठरवू नका, आणि प्रकार कोणता हे तर तो सांगूच शकत नाही. माणूस मुळीच जागा होत नसेल, ओठ काळेनिळे पडले, छातीत दुखू लागलं किंवा बसूनही धाप जात नसेल, तर टिपणं बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.

तपासणीत काही टोचत नाहीत. डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा चिकटवतात, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा, आणि छाती-पोटाभोवती दोन पट्टे. खरी मेख त्या पट्ट्यांत. हवा थांबली असताना पट्टे ओढले जात असतील तर घसा तुंबलाय, पट्टेही स्वस्थ असतील तर हुकूमच आलेला नाही. घरी करायची सुटसुटीत तपासणीही मिळते, पण हृदयरोग असलेल्यांची दवाखान्यात झोपवून केलेली बरी. "इतक्या तारा लावल्यावर झोप कुणाला लागणार?" असं अण्णांनीही विचारलं होतं. लागली त्यांना. थोडी कमी लागली तरी चालतं.

जाताना रोजच्या गोळ्या, सगळ्या औषधांची यादी, आपली टिपणवही आणि हवी असेल तर घरची उशी न्या. दुपारनंतर चहा-कॉफी देऊ नका, दुपारची झोपही नको. सोबतीला कुणी राहायचं असलं तर ज्या रात्री जागतात त्यांनीच राहावं. आणि सकाळीच ह्यांचं डोकं धुऊन कोरडं करून ठेवा. तेल अजिबात चोळू नका, तारा चिकटत नाहीत.